आपलं की परकं?

दगडाकडं जायची वाट आता बंगल्यांच्या एका स्कीमच्या फाटकातून जाते. फाटकावर नाव विचारतात, गाडीचा नंबर विचारतात, आणि मी चालत आलेय म्हटल्यावर संशयानं बघतात. पूर्वी ही वाट करवंदीच्या जाळ्यांतून जायची. वैशाखात जाळ्या काळ्याभोर व्हायच्या, बोटांना चीक चिकटायचा आणि घासून घासूनही त्याचा वास जायचा नाही. आता तिथं एका मापात कापलेली हिरवळ आहे. तिला कसलाच वास नाही.

दगड मात्र आहे तिथंच आहे. माळावर एकटा, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. वर चढलं की समोर लोहगड आणि विसापूर, खाली रेल्वेचे रूळ, एक्स्प्रेसवे, भाताची खाचरं, आणि उरलेलं सगळं आभाळ. गाव त्याला म्हसधोंडा म्हणतं. माझे वडील त्याला पोस्ट म्हणत आले.

वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा हवाई दलात होते, पण विमानात कधी बसले नाहीत. त्यांचं काम विमानं बघण्याचं. विमान फार खालून, झाडांच्या शेंड्यांना घासत आलं की रडारला दिसत नाही. म्हणून त्या काळी सीमेलगत वाळूच्या टेकाडांवर चार-पाच माणसं बसवलेली असत. दुर्बीण, वायरलेस, पाण्याचं पिंप आणि डोळे. काही दिसलं की वायरलेसवर बोलायचं: दिशा कोणती, किती आहेत, उंची काय, आपलं की परकं. एवढं सांगितलं की कुठंतरी लांब, त्यांनी कधी न बघितलेल्या तळावर, पायलट पळत सुटायचे. आबांच्या नोकरीचं सार एवढंच. बाकी नुसतं बघत राहणं.

ते सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा, डिझेलचा आणि कसल्यातरी कोरड्या, भाजलेल्या मातीचा वास यायचा. आमच्याकडची माती बाराही महिने ओलसर. त्यामुळं तो वास मला परदेशातला वाटायचा. बूट उलटे केले की बारीक पिवळी रेती पडायची. आई ती झाडून टाकायच्या आधी मी मूठभर उचलून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायची. चुलीच्या धगीनं ती कायम कोमट असायची. आबा परत नोकरीवर गेले की मी तिच्यात बोट खुपसून बसायची.

ट्रंकेत पत्त्यांसारखी एक चळतही असायची. प्रत्येक पत्त्यावर विमानाची काळी आकृती, जणू कुणी दिव्यासमोर धरून सावली कापलीय. दुपारी जेवणं झाली की आबा मला पडवीत समोर बसवायचे आणि एकेक पत्ता डोळ्यासमोरून सर्रकन न्यायचे.

"बोल. आपलं की परकं?"

"आपलं."

"कशावरनं?"

"पंख मागं वळलेत. नाक सुईवाणी."

"ह्ये?"

"परकं."

बाराखडी पक्की व्हायच्या आधी मला ती विमानं पाठ झाली होती. पण 'परकं' म्हणताना दर वेळी मी अडखळायची. वाटायचं, आपण म्हटलं म्हणून ते झालं. आपण 'आपलं' म्हटलं असतं तर ते आपलं झालं असतं.

आई आतून ओरडायची, "पोरीला काय नादी लावताय? तिला काय तितं वाळूत बसवायचीय?" आबा पत्ते गोळा करायचे, हसायचे. पण त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही. डोळे सारखे छपराच्या वरच्या आभाळाच्या पट्टीत. जेवताना, बोलताना, देवळात हात जोडतानाही ते मध्येच थांबायचे. मान किंचित कलती करायचे. मग आम्हाला ऐकू यायचं. फार उंचावरून, पुण्याकडून, पत्र्यावर कुणी पोतं ओढत न्यावं तसा आवाज.

आबा नसताना मान कलती करायचं काम आईकडं यायचं. ती सुपात तांदूळ पाखडत असायची. विमानाचा आवाज आला की सूप तसंच हवेत थांबायचं. कोंडा उडून तिच्या केसांत बसायचा. आवाज पार विरला की मगच सूप खाली यायचं. रेडिओवर बातम्या लागल्या की घरात भांडं आपटायची कुणाची टाप नव्हती. सीमेवर काही गडबड असली की गावातल्या बायका काही विचारायच्या नाहीत, नुसत्या येऊन उंबऱ्याशी बसायच्या, शेंगा सोलू लागायच्या. त्या शेंगांचा कडकड आवाज आणि मध्येच रेडिओची खरखर. माझ्या लहानपणाला आवाज असेल तर तो हाच.

एकदा आबा करकोच्यांची गोष्ट सांगत होते. भल्या सकाळी धुक्यात त्यांना क्षितिजाशी एक रांग दिसली. एकाच उंचीवर, एकाच वेगात येणारी. त्यांनी बोलून टाकलं. तळावरून आपली दोन विमानं उडाली. आणि धुकं फाटल्यावर दिसलं की ते उत्तरेकडून येणारे करकोचे आहेत. सगळ्या पोस्टवर हसं झालं. पुढं कितीतरी दिवस वायरलेसवर त्यांना विचारायचे, आज पाखरं काय म्हणतात?

"तुम्हाला लाज नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"लाज वाटायची काय त्यात? खोटी खबर परवडती, बाय. ऱ्हायलेली खबर परवडत न्हाई."

ते वाक्य माझ्या हाडांत मुरलंय. मी लोणावळ्यात औषधांच्या दुकानात काम करते, तळेगावात राहते. लेक शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी घोरावाडी स्टेशनपर्यंत बघून यायची. कुकरची शिट्टी लांबली तरी हातातलं काम टाकून धावायची. नवरा म्हणायचा, तुझ्या अंगात रक्त नाही, सायरन आहे. तो हसून म्हणायचा, मीही हसायची, आणि हसता हसता घड्याळ बघायची.

मग यंत्रं आली. आधी फुग्याला बांधून वर सोडायचं रडार, मग विमानाच्या पाठीवर बसवलेलं. वरून खाली बघणाऱ्याला टेकडीची आड ती काय! माणसांच्या पोस्ट एकेक करून उठल्या. आबांना कोठारात सामान मोजायला बसवलं. थोड्याच दिवसांत ते निवृत्त होऊन गावी आले, ती ट्रंक पडवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसधोंड्यावर जाऊन बसले. कुणी विचारलं तर म्हणायचे, गुरं बघतोय. गुरं तोवर विकली होती.

मला वाईट वाटायचं. आबांना नाही. ते म्हणायचे, "बरं झालं. माणसाची पापणी लवती. मशीनची न्हाई लवत."

पण मशीनसमोरही माणूस लागतोच बसायला. ते माणूस माझी लेक निघाली.

रेवती. घरात रेवा. लहानपणी आबांनी तिलाही पत्ते दाखवले होते, आणि मी आईसारखीच आतून ओरडले होते. ती हवाई दलात अधिकारी झाली तेव्हा मला वाटलं, चला, उडणार तर नाही ना, खाली बसायचं काम आहे. तिनं मला समजेल असं सांगितलं होतं. जमिनीखाली एक खोली आहे. तिथं मोठाल्या पडद्यांवर सगळीकडच्या रडारांची चित्रं एकत्र येतात, आणि ती कानाला हेडफोन लावून वर उडणाऱ्या पायलटांना सांगते, कुठं वळ, किती उंच जा, समोर काय आहे.

"म्हणजे आबांचंच काम," मी म्हणाले.

"हो. फक्त आबांना विमान दिसायचं. मला ठिपका दिसतो."

सुट्टीवर आली की ती आणि आबा पडवीत बसून बोलायची. आबांचा एक कान पोस्टवरच्या जनरेटरनं केव्हाच नेला होता, दुसरा वयानं नेत होता. त्यामुळं तिला मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि जे मोठ्यानं बोलण्यासारखं नाही ते ती बोलायची नाही. पेपरात येतं तेवढंच सांगायची. आता विमानं एकमेकांना न बघताच लांबून मारतात. बाहेरून घेतलेली नवी विमानं फार चांगली आहेत, पण थोडी आहेत. आपली आपण बनवतोय ती यायला वेळ लागतोय. आणि ती जुनी, सुईसारख्या नाकाची, आबांनी मला सगळ्यात आधी शिकवलेली, ती गेली. त्यांचा निरोपाचा समारंभ आबांनी टीव्हीवर बघितला. विमानांवर पाण्याचे फवारे उडत होते. आबा उठून उभे राहिले आणि बसायचं विसरून गेले.

"जुनी गेली, नवी आली न्हाईत," ते शेवटी म्हणाले. "मधली येळ कोन राखनार?"

रेवा म्हणाली, "आम्ही आहोत की, आबा."

मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला. भाकरी काठावर फाटली.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. सुरुवातीला रेवाचा एक मेसेज आला. 'फोन बंद ठेवावा लागेल. काळजी करू नकोस.' काळजी करू नकोस हे शब्द वाचून शांत झालेली आई मी तरी बघितलेली नाही. टीव्हीवर बाया-बाप्ये ओरडत होते, नकाशावर लाल बाण फिरवत होते. दुकानात लोक डोकेदुखीच्या गोळ्या घेता घेता युद्धावर बोलत होते. एक पर्यटक हसत म्हणाला, इथं बॉम्ब पडला तर भुशी धरणावर गर्दी तरी कमी होईल. मी त्याला सुटे पैसे परत दिले.

मालकांना सांगून मी सुट्टी घेतली आणि गावी आबांकडं गेले. तळेगावच्या घरात टीव्ही होता, गावी तो बिघडलेला. मला बातमी नको होती. बातमी न कळता बसणंही सोसत नव्हतं.

आबा माझी वाटच बघत होते. पायात चपला घातलेल्या, डोक्याला टॉवेल.

"चल. पोस्टवर जायचंय."

"आबा, या उन्हात? तुम्हाला ऐकूसुद्धा येत नाही."

"म्हनून तर तुला न्हेतोय."

फाटकावरच्या माणसानं त्यांना ओळखलं, हात वर करून आत सोडलं. ऐंशीच्या घरातला माणूस म्हसधोंड्यावर चढला तो माझ्या खांद्याचा आधार घेत. वर बसल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. आपली तळहाताची बाजू माझ्या मनगटावर. त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं, नाडीतून ऐकावं तसं.

दगड तापला होता. वाळलेल्या गवताचा, शेणाचा आणि खालून स्कीमच्या तलावातल्या क्लोरिनचा वास येत होता. बराच वेळ नुसते ट्रक. मग मला काहीतरी ऐकू आलं. पोतं ओढल्याचा तो जुना आवाज नव्हता. बारीक, चिवट, गवत कापायच्या मशीनसारखा. रेवानं एकदा सांगितलं होतं, आता फार करून हेच येतात, माणूस नसलेले. त्यांचा आवाज असा असतो.

माझी नाडी उडाली असणार. आबांनी मनगट घट्ट धरलं.

"काय?"

"आवाज येतोय."

"कुटनं?"

"कळत नाही, आबा."

"कळत न्हाई म्हनू नगं. दिशा सांग."

मी डोळे मिटले. "दक्षिण. विसापूरच्या अंगानं."

"किती?"

"एक. एकच वाटतंय."

"उंची?"

"कमी. फार कमी."

"आपलं की परकं?"

मी डोळे उघडले. मनात एकच, हे असंच, अगदी असंच, तिच्या डोक्यावरही आत्ता फिरत असेल. आणि तेवढ्यात ते माळाच्या कडेवरून वर आलं. चार पंख्यांचं, पांढरं, ताटाएवढं. त्याच्या खाली कॅमेरा. आमच्यासमोर येऊन ते हवेत थांबलं आणि आमच्याकडं बघू लागलं.

आबांना आता दिसलं. ते उठले. मला वाटलं पडतील. पण ते ताठ उभे राहिले, आणि मी त्यांना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात ओरडले, "खाली घ्या त्ये!"

करवंदीच्या उरल्यासुरल्या जाळीमागून एक तरुण धावत आला, हातात रिमोट. त्याच्यामागं लग्नाच्या कपड्यांत एक मुलगी, घागरा दोन्ही हातांनी उचलून, आणि घामाघूम झालेला एक मुलगा.

"सॉरी आजोबा, सॉरी. प्री-वेडिंग शूट आहे. तुम्ही फ्रेममध्ये आलात."

"आदी खाली घ्या."

ड्रोन खाली उतरलं. आबा अजून त्याच्याकडंच बघत होते. ती मुलगी जवळ आली. तिच्या कपाळावरची टिकली घामानं सरकली होती. "आजोबा, घाबरलात का?"

"घाबरलू न्हाई," आबा म्हणाले. "वळकलं न्हाई."

मी त्या मुलांना सांगितलं, माझी मुलगी तिकडं सीमेवर आहे. कुठं ते मला माहीत नाही. तो घामाघूम मुलगा एकदम वाकला आणि आबांच्या पाया पडला. रिमोटवाल्यानं ड्रोनचे पंखे काढून पेटीत भरले. "आज राहू दे," तो म्हणाला. मुलीनं मला पाण्याची बाटली दिली. आम्ही सगळे त्या दगडाच्या सावलीत थोडा वेळ बसलो. पुण्याची माणसं होती. पुढच्या महिन्यात लग्न होतं.

रेवाचा फोन आला तेव्हा सगळं थांबून बरेच दिवस झाले होते. तिनं विचारलं, आंबे उतरवले का? मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, आबा काय करतायत? मी म्हटलं, बरे आहेत. मग दोन्हीकडं नुसता श्वास. एवढ्याच फोनसाठी मी किती रात्री जागले होते.

ती घरी आली ती आषाढात, ऐन आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत. बारीक झाली होती. बोलणं व्यवस्थित, हसणं व्यवस्थित. पण झोप नव्हती. रात्री डोळा लागायचा नाही आणि उठून बसायची तेव्हा नजर समोरच्या भिंतीवर, जणू भिंतीवर काहीतरी सरकतंय. मी विचारलं, काय होतं? म्हणाली, काही नाही ग. मी औषधांची बाई. माझ्या कपाटात झोपेच्या गोळ्या आहेत, पण त्या हातात घेऊन मी परत ठेवल्या.

मी तिला गावी घेऊन गेले. आबांनी तिला काही विचारलं नाही. ते नुसते तिच्याजवळ बसून राहायचे. एका सकाळी तिनंच विचारलं, मोठ्यानं, त्यांच्या कानाशी वाकून.

"आबा, तिकडून आल्यावर तुम्हाला झोप लागायची?"

"न्हाई."

"मग काय केलंत?"

"म्या काय करनार? तुझ्या आजीनं केलं. खाचरात उभं केलं मला. म्हनली, लय बघितलंत वर. आता खाली बघा."

आणि त्याच दिवशी ते तिला घेऊन खाचरात उतरले. म्हणजे ते बांधावर बसले, ती उतरली. शेजारच्या सावित्रामावशीची टोळी आवणी करत होती. आबांची सगळी शेती आता मावशीच बघते, आई गेल्यापासून आबांना दोन वेळची भाकरीही तीच पाठवते. पाऊस बारीक लागलेला. चिखलाचा तो गोडसर, कुजका, कोवळा वास. मावशीनं रेवाच्या हातात रोपांची एक मूठ दिली.

"मोठी हापिसर हायेस म्हनं तू?"

"हो मावशी."

"आसशील. रोप लय खोल खुपसू नगं. आन् वाकायचं, बसायचं न्हाई."

बायका हसल्या. रेवा वाकली. तिची पहिली ओळ नागमोडी गेली, दुसरी जरा बरी. मी आबांजवळ बांधावर बसून बघत होते. तासाभरानं तिचा श्वास ऐकू येऊ लागला, दमलेल्या माणसाचा असतो तसा. विसाव्याला ती बांधावर येऊन टेकली, चिखलाच्या हातांनीच, आणि बोलता बोलता आडवी झाली. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं. लहानपणी तापात झोपायची तशी.

सावित्रामावशीनं डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढून तिच्या अंगावर टाकला आणि स्वतः भिजत उभी राहिली. मग बायकांकडं वळून तिनं ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या बोलक्या त्या बायका, पण कुणी हूं की चूं केलं नाही. नुसते पाय चिखलातून निघायचे तेवढा आवाज. मी देवाकडं काही मागत नाही सहसा. त्या वेळी मागितलं. एवढी झोप होऊ दे.

तिचा फोन माझ्याकडं ठेवायला दिला होता, पिशवीत. तो थरथरायला लागला.

पडद्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. तो कुठला हे मला कळत होतं. आबांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा बघितला. फोन थांबला. पुन्हा थरथरला. माझ्या हातात होतं ते. बंद करता आलं असतं. रेंज नव्हती म्हणता आलं असतं, गावी नसतेच कधी कधी. तिच्या पापणीवर चिखलाचा एक शिंतोडा वाळत होता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा झोपली होती.

मी तिच्या खांद्याला हात लावला. "रेवा. फोन."

ती झटकन उठली. कागद बाजूला सरला. फोन कानाला लावून ती पावसात उभी राहिली, पाय जुळवून, गुडघ्यापर्यंत चिखल. "येस सर," म्हणाली. मग ऐकत राहिली. मग पुन्हा, "येस सर." फोन माझ्या हातात दिला.

"काय म्हणतात?"

"सुट्टी रद्द. संध्याकाळी निघावं लागेल."

"काय झालंय?"

तिनं हातांवरचा चिखल निपटून काढला. आबांनी तिच्याकडं बघितलं, मान हलवली. सावित्रामावशी म्हणाली, "जा पोरी, हातपाय धू. म्या बघते ह्ये."

रेवानं खाचराकडं बघितलं. तिची ओळ मध्येच थांबली होती. पुढं नुसतं पाणी, त्यात आभाळ.

"एवढी पुरी करून जाते, मावशी," ती म्हणाली, आणि रोपांची मूठ घेऊन पुन्हा आत उतरली.